खोलीत कुणी नाही

माझा धाकटा भाऊ हर्षद ऊब विकतो. हे वाक्य त्याचंच. मी म्हणाले असते तर कुत्सितपणे म्हटलंय असं वाटलं असतं, पण तो ते छाती फुगवून सांगतो. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या त्याच्या कंपनीची यंत्रं हॉटेलं, नर्सिंग होम आणि हौशी लोकांच्या फ्लॅटमध्ये बसतात. "ताई, हे यंत्र उष्णता तयार करतच नाही," असं त्यानं मला निदान दहा वेळा समजावलंय. "बाहेरच्या हवेत जी आहे ती गोळा करून आत आणतं. म्हणून वीज इतकी कमी लागते." मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला एकदा सांगितलं तरी कळतं. पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला सगळ्यांशीच तसं बोलायची सवय लागलीय.

कोलकात्याला हीटर कशाला, असं पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना वाटतं. त्यांनी इथला जानेवारी बघितलेला नाही. नोव्हेंबर लागला की आमचे बंगाली शेजारी माकडटोप्या काढतात आणि "ठांडा लेगे जाबे", थंडी बाधेल, म्हणून एकमेकांना घाबरवत बसतात. बाबांनी जन्मभर त्यांची टिंगल केली. बाबा इथंच जन्मले, महाराष्ट्र त्यांनी लग्नकार्यापुरता पाहिला, पण भर थंडीत गार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायची आणि "आम्ही मराठी माणसं!" म्हणायचं, हा त्यांचा रोजचा सोहळा होता. आई हयात असताना ती दाराआडून "पुरे झालं कौतुक" म्हणायची.

गेल्या दुर्गापूजेनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चार-दोन शब्द तेवढे उरले, तेही जिभेवर लडबडत यायचे. माझा बालीगंजचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "बाबांना माझ्याकडेच ठेवू," हर्षद म्हणाला, आणि मला नाही म्हणता आलं नाही. त्याच्याकडे लिफ्ट होती, बाबांना स्वतंत्र खोली होती आणि सगळ्या घरभर त्याची ती ऊब होती.

ते घर म्हणजे त्याचं दुकानच होतं. गिऱ्हाइकांना तो तिथंच आणायचा. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ सेन्सरची एक पांढरी डबी होती. खोलीत कुणी हललं की ती डबी ओळखते आणि यंत्र चालू होतं. वीसेक मिनिटं कुणी हललं नाही की खोली रिकामी आहे असं समजून यंत्र बंद होतं. रात्री सगळं ठरलेल्या तापमानावर चालायचं आणि दिवसा या डबीच्या हुकमावर. हर्षद आणि त्याची बायको शर्वरी सकाळी नऊला कामावर जायचे. मग घरात बाबा आणि त्यांची आया प्रेमलता.

प्रेमलता बाई चांगली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक पहिलं खापर तिच्यावर फोडतात. बाबांचं आंघोळ-जेवण झालं की ती बाल्कनीत उन्हाला बसायची, हाकेच्या अंतरावर. डिसेंबरात तिनं सांगितलं की दादूंची मान दुखते; बाबांना ती दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची. दुपारी ते सारखे "घाड़, घाड़" करतात. बंगालीत घाड़ म्हणजे मान. ती धावत जाऊन मान चोळून द्यायची, उशी सारखी करायची, आणि थोड्या वेळानं दादू शांत व्हायचे. रोजचंच झालं तसं हर्षदनं फिजिओथेरपिस्ट आणला. त्यानं गळ्याला पट्टा दिला. रविवारी मी जायची तेव्हा बाबा तो पट्टा लावून ताठ बसलेले असायचे आणि माझ्याकडे असं काही बघायचे, की मला वाटायचं आजारपणानं त्रासलेत. माझ्यासमोर त्यांनी कधी मानेची तक्रार केली नाही. मी आले की खोलीत बडबड, हालचाल, चहा, सगळं चालू असायचं. खोली छान उबदार असायची.

जानेवारीत एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी दुपारीच गेले. बाबांचा हात हातात घेऊन खुर्चीत बसले आणि कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली ती थंडीनं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि ती उत्तरेकडची खोली तळघरासारखी झाली होती. बाबांच्या अंगावरची पातळ शाल एका बाजूनं घसरली होती. ती ओढून घेणं त्यांना शक्य नव्हतं. ते माझ्याकडे बघून म्हणत होते, "गा...र. गा...र."

"एइ तो! घाड़!" म्हणत प्रेमलता बाल्कनीतून धावत आली आणि मान चोळायला लागली. कोपऱ्यातल्या डबीवर हिरवा दिवा लागला. यंत्र सुरू झालं. दोन-तीन मिनिटांत ऊब पसरली आणि बाबा गप्प झाले.

"देखलेन, दीदी?" प्रेमलता समाधानानं म्हणाली.

सव्वा महिना हा माणूस गार, गार म्हणून सांगत होता आणि त्याची मान चोळली जात होती. पलंगावर न हलता पडलेला माणूस त्या डबीच्या हिशेबी नव्हताच. प्रेमलताला मी शब्द समजावून सांगितला. तिनं तोंडावर हात ठेवला आणि बाबांच्या पायाशी बसून रडायला लागली. मी बाबांच्या गळ्याचा पट्टा काढला आणि खिडकीतून खाली फेकावा असं वाटत असताना कचऱ्याच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी हर्षद आला. मी सांगितलं ते त्यानं उभ्यानंच ऐकलं.

"बाबा आणि थंडी?" तो हसला. "ताई, बाबांना कधी थंडी वाजलीय का?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. हात लावून बघ त्यांच्या पायांना."

त्यानं हात लावला. मग हसला नाही. पण लगेच म्हणाला, "त्या खोलीचा सेन्सर बंद केला तर घराच्या विजेचा सगळा आकडा बिघडतो गं. लोकांना मी हाच फ्लॅट दाखवतो. शनिवारी लीना दत्त येताहेत. सात वृद्धाश्रम आहेत त्यांचे."

"मग एक जाड रजई तरी घाल."

"रजई दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आई असती तर तुझं थोबाड फोडलं असतं, एवढं म्हणाले हे आठवतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझ्यासमोर मोबाइल काढला, बाबांच्या खोलीचा सेन्सर बंद केला आणि यंत्र दिवसभर चालू राहील असं करून दाखवलं. "झालं? आता तरी शांत हो," म्हणाला. मी शांत झाले. आपला भाऊ आहे, शेवटी पोटात माया आहेच, असं स्वतःला सांगत टॅक्सीत बसले.

तरी रजई माझ्या डोक्यातून जाईना. शनिवारी शाळा सुटल्यावर घरची जाड रजई जुन्या चादरीत बांधली आणि ते बोचकं घेऊन न्यू टाउनला गेले. लीनाबाई आलेल्या असणार हे ठाऊक होतं. मागच्या मागे बाबांच्या खोलीत जाईन असा बेत होता.

दार शर्वरीनं उघडलं. बोचकं बघून तिचा चेहरा पडला. बैठकीत लीना दत्त सोफ्यावर बसल्या होत्या, साधी सुती साडी, चेहरा शांत. हर्षद भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर घराचा नकाशा दाखवत होता. चालू खोल्या नारिंगी होत्या. एक खोली करडी होती.

"ही खोली बघा," तो बंगालीत सांगत होता. "इथं कुणी नाही, हे यंत्राला आपोआप कळलं आणि त्यानं बंद केलं. तुमच्याकडे इतक्या खोल्या. माणसानं कुठं कुठं लक्ष ठेवायचं?"

ती बाबांची खोली होती. माझ्यासमोर बंद केलेला सेन्सर त्यानं पुन्हा चालू केला होता. दार लावलेलं होतं. बोचकं माझ्या हातात होतं आणि मी तिथंच उभी राहिले.

"त्या खोलीत माणूस आहे," मी म्हणाले. बंगालीत म्हणाले, लीनाबाईंना कळावं म्हणून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हर्षदकडे. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. लडबडता, पण सगळ्यांना ऐकू येईल असा.

"गा...र."

स्वयंपाकघरातून प्रेमलता बाहेर आली. ती हर्षदकडे बघत थांबली. तिला आता तो शब्द कळत होता.

"कोण आहे आत? काय म्हणताहेत?" लीनाबाईंनी विचारलं.

हर्षदनं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, लहानपणी काही फोडलं की आईला सांगू नकोस म्हणताना असायची तशीच. मग तो लीनाबाईंकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "आमार बाबा. घाड़े ब्यथा. ओइ जन्येइ बलछेन, घाड़." माझे बाबा, मान दुखते, म्हणून घाड़ म्हणताहेत.

लीनाबाईंनी हळहळून मान डोलावली. त्यांच्या आईलाही तोच त्रास होता म्हणे.

मी दार ढकलून आत गेले. डबीवर हिरवा दिवा लागला. बाबा दाराकडे तोंड करून पडले होते. बैठकीतला शब्द न् शब्द त्या खोलीत ऐकू येतो. बाबा जन्मभर इथं राहिलेले, बंगाली त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी बोचकं सोडून रजई त्यांच्या अंगावर घातली, कडेनं खोचली. पाय हातात घेतले तर थंडगार पडले होते.

"बाबा, गार वाटतंय ना? फार गार वाटतंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर हर्षद लीनाबाईंना चहाचं विचारत होता. बाबांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू, दोन्ही बाजूंना नीट मान हलवली. नाही.