मतदानापर्यंतचा मुक्काम

वरच्या सभागृहाची निवडणूक लागली त्याच आठवड्यात माझा नवरा बोटीवरून रजेवर आला. त्या सभागृहातले काही सदस्य आम्ही नगरसेवक निवडून देतो. मतदार मोजके, त्यामुळे एकेका मताला भलताच भाव. कुणी फुटू नये म्हणून पक्षाने आम्हा सगळ्यांना उचलून गावाबाहेरच्या हॉटेलात ठेवलं, फोनही काढून घेतले. नवरा बॅग घेऊन दारात आला, तेव्हा मी बॅग घेऊन निघाले होते. "अगं, मी आत्ताच आलोय," एवढंच तो म्हणाला.

वर्षभर ज्याची वाट पाहिली त्याला धड डोळे भरून न बघताच गाडीत बसले. असा संताप आला होता म्हणून सांगू!

हॉटेलात रोज सकाळी शिकवणी. शिकवायला पक्षाचे सरचिटणीस; आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. "शिक्का नाही, बरोबरची खूणही नाही. पसंतीचा आकडा घालायचा. एक आपल्या उमेदवाराला, दोन मित्रपक्षाच्या. जिंकण्यापुरता कोटा कुणालाच मिळाला नाही, तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या माणसाकडे जातात."

शिंपीणकाकू, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या नगरसेविका, सरावाच्या मतपत्रिकेवर सगळ्यांनाच एक घालायच्या. "कुणाला वाईट वाटायला नको." मास्तर कपाळाला हात लावायचे. सगळे हसायचे, मला मात्र हसू फुटायचं नाही. आत्ता तो एकटाच चहा पीत बसला असेल, एवढंच डोक्यात. त्याचा आवाज ऐकायला जीव नुसता कासावीस व्हायचा.

"मास्तर, एक फोन करू द्या."

"ताई, मतदान झालं की तुम्ही मोकळ्या."

"त्याच दुपारी नवऱ्याची बंदराची बस आहे, त्याचं काय?"

मास्तरांनी सरावाची नवी मतपत्रिका माझ्यापुढे सरकवली. फोन काही दिला नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर ही लांब रांग. दोरीपलीकडे तो उभा, खांद्याला बॅग. काकूंनी माझं तोंड बघितलं आणि कोपराने वाट करत मला पार दारापर्यंत नेलं. "हिला आधी जाऊ द्या रे."

आत मी एक घातला आणि पेन ठेवलं. पुढची पसंती सक्तीची नसते, हे मास्तरांनीच शिकवलेलं. मित्रपक्षाने आपलं आपण बघावं.

स्टँडपर्यंत आम्ही चालत निघालो. बोलायचं इतकं साठलं होतं की काही सुचेना. शेवटी तोच म्हणाला, "घर नुसतं खायला उठायचं गं. बाहेर गाडी थांबली की दारात जाऊन बघायचो. जेवताना दोन ताटं काढायचो, मग एक परत ठेवायचो."

मी त्याचा हात धरला.

"तू कशी गं काढतेस वर्ष?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारावं म्हणून मी किती तरसले होते. आता विचारलं, तर समोर बस लागलेली, कंडक्टर घंटी मारतोय.

"चढ आधी," मी म्हटलं. "पुढच्या रजेत सांगते."