शिट्टी वाजली नाही म्हणजे

बाबांना जाऊन आठवडा होत नाही तोच मुकादम घरी आला. सोबत शिट्ट्यालाही घेऊन आला.

बाबा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचे. क्रेनच्या बकेटमध्ये उभे राहून ते वर जात आणि शिट्ट्या खालून विजेच्या तारांवर नजर ठेवी. बकेट तारेजवळ सरकली की तो शिट्टी मारायचा. वरच्याने दिव्याकडे बघायचं, खालच्याने तारेकडे, अशी त्यांची पहिल्यापासूनची वाटणी. शिट्टी वाजली नाही म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी बकेट तारेला टेकली, तरी ती वाजलीच नाही.

मुकादम खुर्चीत ऐसपैस बसला. वहिनी, फार वाईट झालं, असं म्हणून लगेच मुद्द्यावर आला. उद्या चौकशीला अधिकारी येतील. आईने एवढंच सांगायचं, की यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. गेलेला माणूस काही परत येत नाही, मग कामावरच्या चौघांच्या पोटावर पाय कशाला?

परवापरवापर्यंत बाबा आईला सुईत दोरा ओवून देत होते.

आई इतकी थकली होती की ही माणसं उठावीत म्हणून ती कशालाही हो म्हणाली असती. तिची मान हलायला लागलेली मला दिसली.

"आई असलं काही सांगणार नाही," मी म्हणाले. "शिट्टी का वाजली नाही?"

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. जरा समजून घ्या."

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारतेय."

शिट्ट्या फरशीकडे बघत होता. लहानपणी यानेच मला खांद्यावर बसवून फिरवलं होतं. आता त्या खांद्यांकडे बघवेना.

"मी तिथे नव्हतो," तो म्हणाला. "मुकादमांची मोटार चिखलात अडकली होती. ती काढायला यांनी मला बोलावलं. जाताना वर ओरडून सांगायचं राहिलं."

म्हणजे खाली कुणीच नव्हतं, आणि बाबा त्या शांततेवर विसंबून बकेट सरकवत राहिले. आणि त्यांचे डोळे अधू ठरवायला हे दोघे आमच्याच घरी आले होते.

"हेच उद्या सांगाल?"

मुकादम उठला. बायकोमुलांचा विचार कर म्हणत त्याने शिट्ट्याचा दंड धरला. शिट्ट्याने तो सोडवून घेतला.

"सांगेन. वहिनी, माफ करा मला."

आईने तोंड फिरवलं. मी दार उघडून धरलं.

"उद्या एकटे या," मी म्हणाले. "आणि माफी वगैरे मागू नका. फक्त सांगा."