गाई मोजायच्या नाहीत

रेसियातो सकाळपासून एका जागी टेकली नव्हती. पत्र्याच्या वर्गात इकडून तिकडे, दारात, पुन्हा आत. टॅब देणाऱ्या संस्थेचा साहेब, गाथोगो, नैरोबीहून आला होता आणि मागच्या बाकावर बसून शाळेला दिलेले टॅब परत नेण्यासाठी एकेक करून खोक्यात भरत होता.

"बाई, सगळी पोरं पहिल्याच धड्यावर अडकलीत. दुसरी शाळा रांगेत उभी आहे."

धडा असा: पडद्यावर काटेरी कुंपण, आत गाई. मोजा आणि आकड्यावर बोट ठेवा. उत्तर दिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. मासाई पोर मार खाईल, पण गाई मोजणार नाही. मोजलं की नजर लागते, कळप आटतो. हे त्याला दुधाबरोबरच पाजलेलं असतं. शहरात पंख्याखाली बसून ज्यानं हे चित्र काढलं, त्याला एकाही मासाई माणसाला विचारावंसं वाटलं नाही. मठ्ठ ठरली ती पोरं! रेसियातोनं कितीदा कळवलं, पण वर कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तिनं वर्गातल्या सिमालोईला पुढे ओढलं. "दाब गं! नुसतं चित्र आहे. चित्राला कसली नजर?"

पोरीनं हात पाठीमागे नेले. "मग तुम्ही दाबा ना, बाई."

रेसियातोनं बोट उचललं. कॉलेज शिकलेलं बोट. ते काचेजवळ जाऊन अडलं. बापाची तांबडी गाय डोळ्यांसमोर आली. पोरं श्वास रोखून बघत होती. तिनं हात खाली घेतला, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

गाथोगो हसला. "बाईच अशा, तर पोरांचं काय! असल्या खुळ्या समजुती धरून बसलात तर यंत्र काय करणार?"

"साहेब, तुमच्या आईला मुलं किती?"

"भरलेले नऊ. त्याचा इथं काय..."

"भरलेले नऊ म्हणजे दहा ना? तुम्ही किकुयू लोक तो आकडा अशुभ म्हणून तोंडात घेत नाही ना?"

"आई तसं म्हणायची. सवय आहे."

"मग आता म्हणा की दहा. मोठ्यानं. तुम्ही तर शिकलेले."

गाथोगो खोक्यात बघत राहिला. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"चित्र बदलणं माझ्या हातात नाही, बाई."

"धडा उघडणं आहे. पासवर्ड तुमच्याकडेच आहे. पुढच्या धड्यात दगड आहेत, डबे आहेत. तिथं सोडा पोरांना, मग सांगा कोण मठ्ठ ते."

"वरचे जाब विचारतील मला."

"त्यांना सांगा, आधी आम्हाला विचारायचं होतं."

त्यानं एक टॅब काढला, अंगाआड धरून पासवर्ड घातला. सिमालोईनं तो हिसकावलाच. तिचं बोट सरासरा फिरू लागलं, बरोबर उत्तराची घंटी वाजतच राहिली. पोरं तिच्या पाठीवर चढली.

"ए, मला दे, मला!"

"ढकलू नको रे, माकडा!"

गाथोगोनं खोक्याचं झाकण ओढलं. रेसियातोनं ते धरलं, दुसरा टॅब काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा उघडा."

"बाई, नमुन्याला एक पुरे आहे."

"हाही."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"वाजवू दे," ती म्हणाली आणि तिसरा काढला.