भर दुपारची दिवेलागण

मनकर्णाबाई रोज दिवस मावळायला घरातून पळून जायची, अन् पळायची ती कशापायी, तर कोंबड्या डालायला, म्हंजी रातच्याला खुराड्यात कोंडायला. आता कोंबड्या कुठल्या? वैजापूरकडच्या मळ्यातल्या. त्या कधीच्याच संपल्या होत्या. मळा वाट्यानं दिलेला, घराला कुलूप, अन् म्हातारा-म्हातारी लेकाकडं शहरात, बीड बायपासच्या पलीकडं रो हाऊसमध्ये येऊन राहिलेली. पण हे तिला सांगावं कुणी? सांगितलं तरी दोन घोट चहा पोटात जाईस्तोवर ती विसरलेली असायची.

डॉक्टरांनी त्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. तिच्या म्हाताऱ्याला, कारभारीला, ते काही जिभेवर धरता आलं नाही. बायकोचं डोकं हळूहळू रिकामं होत जाणार, एवढं मात्र त्याला बरोबर कळलं. आधी तिच्या ध्यानातून नातवंडं गेली, मग सून मोनिका गेली, अन् एके दिवशी पोटचा पोरगा शिवराज समोर उभा राहिला तर म्हणाली, "कोणाचं वं हे पोरगं? त्याला बसायला टाका की." शिवराज एवढा बाप्या माणूस, न्हाणीघरात जाऊन रडला. उरला होता एकटा कारभारी. त्याला ती ओळखायची. "आवं" म्हणून हाक मारायची, त्याच्या हातनं वेणी घालून घ्यायची, वर "नीट घाला, जनावराला दावं वळायलात का?" म्हणून खेकसायची. तिचं बाकी काय जायचं ते जाऊ दे, पण मला विसरू नको, एवढंच त्या म्हाताऱ्याचं देवाकडं मागणं होतं.

एकदा ती पार बायपासवर ट्रकांच्या गर्दीत सापडली. शेजारच्या केशवरावांनी स्कूटरवर बसवून घरी आणली. त्या दिवसापासून शिवराजनं फाटकाला कुलूप घातलं. मग काय! संध्याकाळ झाली की ही फाटक बडवायची. "आवं, कोंबड्या बाहेर हायेत माझ्या! मुंगूस खाईल की!" तळहात सुजले तरी थांबेना. कारभारीला ते बघवेना.

"काढ ते कुलूप," तो लेकाला म्हणाला. "तिला कोंबड्याच आणून देतो."

"आबा, इथं? आपल्याकडच्या उन्हात माणसं भाजून निघायलीत, कोंबड्या कुठं जगत्यात?"

"मग तुझ्या बापानं मळ्यात काय जल्मभर बर्फावर पाळल्या व्हय रे?"

अन् म्हातारा कामाला लागला. घरामागं परसात, केशवरावांच्या लिंबाच्या फांद्या भिंतीवरून अलीकडं झुकत होत्या, तिथली सावलीची जागा त्यानं धरली. खुराड्याचे दोन भाग केले. दिवसा वावरायला चौफेर जाळीचा मोकळा भाग, वरून तुराट्यांचं छप्पर, बाजूनं सोडायला गोणपाट, म्हणजे त्यावर पाणी मारलं की वारा गार होऊन आत यावा. अन् रात्रीसाठी त्याला लागून फळ्यांची बंद पेटी, विटांवर उचललेली, वरून पत्रा. शहरातली मांजरं लई वांड, मुंगसाला तर बोटभर फट पुरते, म्हणून पेटी पक्की ठोकली.

"ही पत्र्याची पेटी रात्रीपुरतीच हां," तो मोनिकाला बजावून म्हणाला. "दिवसा ह्यात कोंबडी कोंडली तर चुलीवर ठेवल्यावानी होईल."

पेटीला लोखंडी कडी लावली, तीसुद्धा मनकर्णाबाईचा हात सहज जाईल अशी. गुरुवारी छावणीच्या बाजारातून गावरान कोंबड्या अन् एक तुरेबाज कोंबडा आणला. "आमच्या घरात अंडं चालत नाही कारभारी," केशवराव भिंतीपलीकडून म्हणाले, "पण तुमच्या कोंबड्यानं आमचा गजर फुकटात केला."

पहिल्याच संध्याकाळी मनकर्णाबाई परसात आली. कोंबड्या बघितल्या अन् पदर खोचला. "आऽ ती ती ती" करत एकेकीला पेटीत घातली, कोंबड्याला "मुडद्या, तुला येगळं आवतान पायजे का" म्हणून हाणलं, कडी लावली अन् घरात येऊन निवांत जेवली. फाटकाकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं रोज तेच. कारभारी पायरीवर बसून बघायचा अन् त्याला वाटायचं, जिंकलं आपण. असंच चाललं तर मरेस्तोवर ही आपल्याला ओळखंल.

मे महिना उगवला अन् ऊन असं पडलं की रस्त्यावरचं कुत्रं दिसेना. कारभारी दिवसभर गोणपाट भिजवायचा. नळाला पाणी आठ दिवसांनी, तरी आपल्या अंघोळीचं वाचवून कोंबड्यांच्या मातीच्या परळात ओतायचा. मनकर्णाबाईला दुपारी तलखी सोसायची नाही, तळमळायची. म्हणून त्यानं तिच्या खोलीच्या खिडकीवर जाड वाकळ ठोकली, कूलर लावला. खोलीत कसा गुडूप अंधार झाला, अन् ती लेकरावानी झोपायला लागली. तो उंबऱ्याशी आडवा व्हायचा, ती उठली तर कळावं म्हणून.

त्या दुपारी शिवराज कंपनीत, मोनिका पोरांना घेऊन माहेरी. आदल्या रात्री लाईट नव्हती, म्हाताऱ्याला डोळ्याला डोळा लागला नव्हता. उंबऱ्याशी पडला तो मेल्यावानी झोपला.

जागा झाला तर देवापुढं दिवा लागलेला. मनकर्णाबाई तोंडाला पाणी लावून, कुंकू लावून बसलेली.

"आवं, उठा की. दिवेलागणीला असं लोळू नाय. कोंबड्या डालल्या म्या कवाच."

कारभारीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं अन् अनवाणीच धावला. बाहेर ऊन आग ओकत होतं. अंधाऱ्या खोलीत जाग आली तेव्हाच तिच्या डोक्यातला दिवस मावळला होता. मग बाहेर सूर्य असो की आणखी काही. लिंबाची सावली सरकून पेटी उन्हात आली होती, कडी तापून लाल व्हायची बाकी होती. त्यानं धोतराच्या सोग्यानं ती काढली अन् आतली वाफ तोंडावर आली. कोंबड्या एकीवर एक, चोची वासून पडलेल्या. एकीचं पोट अजून हलत होतं. त्यानं तिला बाहेर घेतलं, चोचीत पाणी सोडलं, तर ते पाणी बाजूनं गळून गेलं अन् मान लुळी पडली.

मनकर्णाबाई मागून आली. बघितलं अन् मटकन खाली बसली.

"कुणी कोंडलं वं? भर दुपारी कुणी कोंडलं माझ्या लेकरांना? हात झडो त्याचा!" ती कपाळ बडवायला लागली. बडवता बडवता थांबली. उजव्या तळहातावर कडीचा लाल चटका उठला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. "आवं... हे काय झालं माझ्या हाताला?"

तिच्या डोळ्यात काहीतरी जुळत चाललं होतं, ते कारभारीला दिसलं.

"म्या कोंडलं, मनकर्णे," तो बोलून गेला. "म्याच. ध्यानात राह्यलं नाय."

खोटं तरी कुठं होतं? वाकळ त्यानं ठोकली, अंधार त्यानं केला, झोपला तोच. अन् दुसरं म्हणजे, ती घटकाभरात विसरणार याची त्याला खात्री होती. पोटच्या पोराला विसरली, तिथं एवढ्याशा गोष्टीची काय कथा!

पण ती विसरली नाही. कोंबड्या विसरली, चटका विसरली, अन् ह्यानं कोंडून मारलं, एवढं एकच घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी कारभारी दुधात भाकरी कुस्करून घेऊन गेला तर भिंतीला सरकली. मोनिका परत आली तेव्हा तिचा हात धरून कुजबुजली, "पोरी, ह्या म्हाताऱ्याला घरात घेऊ नको. जिवंत कोंडून मारतो ह्यो."

"आत्या, अहो, तुम्हीच तर..."

"मोनिका!" कारभारी असा ओरडला की पोरं दचकली. मग बाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाला, "तिनं मारल्या म्हणून कळलं तर झुरंल ती. माझ्यावर राहू दे."

शिवराज म्हणाला, दुसऱ्या कोंबड्या आणू. पण ती परसात पाऊलच टाकीना. कारभारी समोर आला की थरथरायची. डॉक्टर म्हणाले, अशा माणसाच्या डोक्यातून घडलेलं पुसलं जातं, बसलेली धास्ती राहते. म्हाताऱ्यानं मान हलवली अन् त्या दिवसापासून अंथरूण गच्चीवर नेलं.

पुन्हा संध्याकाळी ती निघायला लागली. कुलूप कारभारी लावू देईना. तो तिच्या मागं मागं जायचा, लांबून, गाड्यांच्या आडोशानं, तिला दिसणार नाही असा. एकदा कोपऱ्यावर केशवरावांनी तिला थांबवलं.

"वहिनी, कुठं निघालात? कोंबड्या डालायला?"

"कसल्या कोंबड्या? आमच्या धन्याला बोलवायला चाललेय. मळ्यात असत्यान. घरात एक म्हातारा शिरलाय, लई वंगाळ हाय. ते आले म्हंजी हाकलतील त्याला." तिनं पदर डोळ्याला लावला. "ते लई चांगले हायेत हो. मला कुणी काही केलेलं त्यांना खपत नाय."

केशवरावांना टेम्पोमागं उभा असलेला कारभारी दिसत होता.

"अहो, ते आलेत की घरी! आत्ताच आले. चला, मी सोडतो."

"आले?" मनकर्णाबाई नव्या नवरीगत हरखली. पदर सावरला, केस नीट केले, अन् लगालगा घराकडं निघाली.

कारभारी टेम्पोला टेकून उभा राहिला. ती आत गेलेली त्याला लांबून दिसली, दारातूनच "आवं, कुठं हायेत?" म्हणून मारलेली हाकही ऐकू आली. आता आपण आत जावं कसं, हे काही त्याला उमजेना.