जवळपासचा चेहरा

“रडू नका, बाई. यातला एखादा जवळपासचा बघा.”

नीलने नलूआजीच्या मांडीवर कार्ड ठेवलं आणि तिच्या कानात स्टुडिओवाल्याचा तो जुना आवाज उठला. लसूण सोलणारे हात थांबले. भोईवाड्यातला रघुवीर स्टुडिओ, काचेचं टेबल, त्यावर पत्त्यांसारखी पसरलेली जाहिरातीची कार्डं. स्टुडिओवाला ती गिरण्यांच्या फाटकांवर वाटायचा. प्रत्येकावर एक नटूनथटून उभा केलेला माणूस, आणि खाली एकच ओळ: ‘माणूस जातो, फोटो राहतो.’

“ओळखलंस ना?” नातू म्हणाला. “आमच्या सरांना चोरबाजारात मिळालं. मी तर ओरडलोच, अहो, हे माझे आजोबा!”

कार्डावरचा कोटातला तरुण खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून उभा होता. समोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, तोच तरुण मोठा करून चौकटीत लावलेला होता.

नील जुन्या जाहिरातींच्या प्रदर्शनाचं काम करत होता. चित्रांखालच्या पाट्या उद्या छापायला जायच्या होत्या. त्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं, “‘छायाचित्रातील तरुण: सीताराम गमरे, रे रोडच्या लाकडाच्या वखारीतील कामगार.’ आजोबा मॉडेल होते, आजी! आणि तू कधी बोलली नाहीस.”

“कशी बोलेल?” नीलची आई माया चहा घेऊन आत आली. “एवढा देखणा नवरा. चाळीतल्या बायांची नजर लागली असती. काय गं आये?”

आये हसली नाही.

माया सहा महिन्यांची होती तेव्हा वखारीत सागाचे ओंडके घसरले. सीताराम गेला. फोटोसाठी उभं राहायला त्याला कधी सवड झालीच नव्हती. पुण्यानुमोदनाच्या विधीला मेणबत्तीमागे ठेवायला काहीतरी हवं, म्हणून लेकीला काखोटीला मारून नलू एकटीच स्टुडिओत गेली होती. फोटो मांडला तेव्हा चाळीने पाहिला. हा सीताराम नव्हे, हे सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. वर शेजारणीने चार फुलं जास्तच ठेवली. पाहिलेली ती माणसंही आता उरली नव्हती.

मग मायाची पहिली पावलं या फोटोपुढे पडली. दहावीचा पेढा या फोटोपुढे, लग्नाची पहिली पत्रिका या फोटोपुढे. सासरी निघताना ती आईच्या आधी या कोटाच्या गळ्यात रडली होती. तिचा बाप हिरावून कसा घ्यायचा? पण या कोटातल्या माणसालाही कुणी असेल. त्याची नातवंडं प्रदर्शनाला आली, पाटीपुढे उभी राहिली, तर?

“ती पाटी लावू नको,” नलूआजी म्हणाली.

“का? आडनाव चुकलं?”

“माणूस चुकलाय.”

नील हसला. माया हसली नाही. ट्रे तिच्या हातातच राहिला.

“हे तुझे आजोबा नव्हेत, बाळा. त्यांचा फोटो नव्हताच आपल्याकडे. स्टुडिओवाल्याने कार्डं पुढे टाकली, मी त्यातलं एक उचललं. त्याने मोठं करून दिलं.” आजी नातवाशी बोलत होती, पण बघत होती लसणाच्या सालांकडे. “कोण आहे, कुठला आहे, मला ठाऊक नाही.”

मायाने ट्रे खाली ठेवला. ती फोटोपाशी गेली, काचेवरून एकदा बोट फिरवलं आणि परत आली.

“मग हाच का उचललास?”

“सगळ्यात बरा दिसला. परकाच न्यायचा, तर जरा देखणा तरी न्यावा.”

मायाला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. नीलने गुपचूप मोबाइलवरचं नाव पुसलं.

माया आईच्या गुडघ्याशी येऊन बसली. लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची, तशी.

“जाऊ दे तो कोटवाला. माझा बाबा दिसायला कसा होता? ते सांग. नाक कसं होतं? माझ्यासारखं?”

नलूआजीने डोळे मिटले. तिची बोटं हवेत जराशी हलली, कुणाचा गाल चाचपावा तशी. मग ती बोटं मांडीवर परत आली.

“त्यांचे हात आठवतात गं. अंगाला येणारा लाकडाच्या भुशाचा वास आठवतो.” तिचा आवाज अगदी खाली गेला. “हे कुणाला सांगितलं नाही कधी. पन्नास वर्षं मी ह्यालाच फुलं वाहिली, बाय. आता डोळे मिटले तरी हाच येतो.”