टाक्याचा तळ

बीहीचं म्हणणं सरळ होतं. जमीन माझ्या बापाची, पैसा माझा, तेव्हा बायकोनं, इज्जानं, निकाहात ठरलेला आपला मेहेर आणि दागिने घ्यावेत आणि सुखानं माहेरी जावं. कॅसाब्लांकात उभा जन्म किराण्याच्या दुकानात काढलेल्या माणसाला हिशेब शिकवायला जाऊ नये. दर मोठ्या ईदेला तो डोंगरातल्या या गावी यायचा, मेंढा कापायचा, चार दिवस पाहुणचार झोडायचा आणि परत जायचा. यंदा इज्जानं कोर्टात जाऊन तलाक मागून घेतला. ईदेपुरता नवरा मला नको, एवढंच ती म्हणाली, आणि गावच्या बायकांना ते महिनाभर चघळायला पुरलं.

तलाक कोर्टानं दिला, तरी या भागात वाटणी गावचे जाणते करतात. रीत जुनी आहे. लग्नाच्या दिवशी काय होतं आणि आज काय आहे ते बघायचं, आणि मधे जे वाढलं ते ज्याच्या-त्याच्या कष्टाप्रमाणे वाटायचं. ते ओट्यावर बसून ठरत नाही. जाणते रानात चालत जातात आणि दोघांनाही बरोबर नेतात.

त्यांच्यातले सगळ्यांत म्हातारे दादा याह्या बांधाबांधावर थांबून एकच विचारत होते, हे कोणी केलं? लग्नात इथे नुसता कातळ होता, हे बीहीनंच कबूल केलं. आता डोंगराच्या पोटापर्यंत दगडी बांधांच्या ताली पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या होत्या आणि प्रत्येक तालीवर बदाम उभे होते. माझ्या पैशांनी गवंडी लावले असणार, असं तो म्हणाला. इज्जा पुढच्या तालीकडे चालू लागली. त्याचे पैसे घरखर्चात आणि त्याच्याच आईच्या दुखण्यात गेले, हे गावाला ठाऊक होतं आणि खरं तर त्यालाही होतं.

सगळ्यांत वर पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. वर्षानुवर्षं बीही त्याचं झाकण उघडून दोरी सोडायचा, पाणी यायचं, विषय संपायचा. आज मात्र पावसाआधी गाळ काढायचा म्हणून टाकं उपसलेलं होतं आणि आत शिडी लावलेली होती.

"उतर," दादा म्हणाले.

"मी? अहो दादा, कपडे खराब होतील."

"होऊ देत. वाटा मागतोस ना, मग कशात मागतोस ते बघून ये."

बीही कुरकुरत उतरला. काळोखाला डोळे सरावले आणि त्याची कुरकुर थांबली. गावची मशीद मावेल एवढी ती जागा होती आणि सगळी एकसंध कातळात कोरलेली. तोंडापाशी छिन्नीचे घाव वेडेवाकडे होते, शिकाऊ हाताचे. जरा खाली ते सावरले होते. तळाशी तर ओळीमागून ओळ अशी सरळ गेली होती की त्यानं न राहवून तिच्यावरून हात फिरवला. छत कोसळू नये म्हणून मधोमध कातळाचाच जाड खांब राखला होता. हे इज्जाला कोणी सांगितलं असेल? तो ईदेला येऊन गेल्यावर, टाकं आटलं की ही बाई रोज छिन्नी घेऊन इथे उतरत होती, आणि त्यानं कधी तिचे तळहातसुद्धा पाहिले नव्हते. बीहीला भीती वाटली. एवढं मोठं काही आपल्या घरात घडत होतं आणि आपण त्याच्या डोक्यावर उभे राहून पाणी पीत होतो.

तो वर आला तेव्हा रीतीप्रमाणे दादांनी आधी त्यालाच विचारलं, बायकोला किती देशील? चौथाई म्हणायचं, हे तो शहरातूनच ठरवून आला होता.

"माझ्या वाट्याला किती यावं, ते तिलाच विचारा, दादा," तो म्हणाला.

जाणते एकमेकांकडे पाहू लागले. इज्जानं मात्र फार वेळ घेतला नाही.

"बापाची जमीन त्याची. बदाम अर्धे त्याचे, त्यानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. टाकं माझं."

"आणि पाणी?" बीहीनं हळूच विचारलं. पाण्यावाचून बदाम कसले जगतात?

"पाणी देईन. पण ईदेला येऊन मागायचं नाही. गाळ काढायला यायचं."

यंदाचा गाळ अजून तळाशीच होता. बीहीनं जोडे काढले.