वच्छलाबाईची साक्ष

“लिहा, आमच्या घरी कोनी पेत नाही,” वच्छलाबाई म्हणाली आणि कापसाच्या बोंडातला हात न थांबवता पुढच्या झाडाकडे सरकली.

सिंधूताईंनी लिहिलं. आतापर्यंत प्रत्येक बाईनं हेच सांगितलं होतं. जळगाव जामोदच्या वर सातपुड्याच्या नाल्यानाल्यांत मोहाच्या भट्ट्या लागत होत्या. दारूबंदी होती ती कायद्यात. शाळेची नोकरी सांभाळून समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसलेल्या सिंधूताईंचा प्रबंधही दारू आणि संसार यांवरच होता. चैत्रात नागपूरला तोंडी परीक्षा, आणि हाती नुसते नकार.

“एकबी पेनारा नाही?” त्या बांधावरून म्हणाल्या. “मंग नाल्यातली दारू काय बैल पेतात?”

वेचणाऱ्या बाया खिदळल्या. वच्छलाबाई हसली नाही. “लोकायच्या घरचं इचारून राह्यल्या तुमी. तुमच्या मास्तरायले काय झालतं, बाई?”

रांग थांबली. नवरा, पंजाबराव मास्तर, काविळीनं गेला हे सिंधूताईंनीच सहा वर्षं गावाला सांगितलं होतं.

त्यांनी कागद दगडाखाली ठेवले. पदराची ओटी बांधली आणि शेजारच्या ओळीत शिरल्या. चार झाडं वेचल्यावर बोलल्या, “कावीळ मी सांगतली. दारूच होती. मीच बाटल्या लपवत होती, मीच त्यायचं तोंड धुऊन त्यायले शाळेत पाठवत होती.”

वच्छलाबाईनं झाडाकडेच पाहत गळा मोकळा केला :

मोहाच्या फुलाचा रानी गोड वास
घरात आला तवा लेकराले उपास

दुसरीनं आपली ओळ जोडली, तिसरीनं तिची. कापसाबरोबर घरंही उकलत गेली. त्या हिवाळ्यात सिंधूताई दर रविवारी वेचायला गेल्या, ऐकत राहिल्या, लिहीत राहिल्या.

नागपूरला परीक्षकांनी चष्मा काढला. “गाणी हा पुरावा कसा?”

“सर, आधी या बायांनी ‘कोणी पीत नाही’ सांगितलं. तेही मी छापलंय. खोटंही त्यांचं, खरंही त्यांचंच. मधे काय घडावं लागलं, तो माझा प्रबंध आहे.”

परीक्षकांनी पानं उलटत एका गाण्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “एखादं म्हणून दाखवता?”

विद्यापीठाच्या त्या खोलीत सिंधूताई गायल्या. पहिला वर्ग मिळाला.

बांधलेला प्रबंध घेऊन त्या वच्छलाबाईच्या ओसरीवर आल्या, तेव्हा सगळ्या बाया जमल्या होत्या.

“ह्या तुमी,” पान उघडून सिंधूताई म्हणाल्या. “बाई क्रमांक सदतीस.”

“सदतीस?” वच्छलाबाई उसळली. “म्हशीले बी नाव रायते, बाई! माह्यं काऊन नाही?”

“घरी भांडन होईन म्हनून.”

“भांडन काय आज होऊन राह्यलं? लिहा नाव. पुरं लिहा.”

सिंधूताईंनी पेन उघडलं. दारात वच्छलाबाईचा नवरा बसला होता. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. विचारलं की ती ‘सखूचा बाप’ म्हणायची.

तिनं पदर खोचला, सरळ उभी राहिली.

“वच्छला कचरू तायडे,” ती म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल असं.

कचरूनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ओसरीवरच्या बाया एकेक करून उठल्या आणि वच्छलाबाईच्या मागे रांगेला लागल्या.